बाजेखालची शेगडी

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे चार ओळी लिहितानाही हात आखडतो. तरी लिहितोय, एवढं सांभाळून घ्यावं.

मी नांदेडला बी.एस्सी. करतो. अक्का बाळंतपणाला रेणापूरजवळच्या आमच्या गावी आली होती. लहानपणी मला कडेवर घेऊन हिंडणारी ती, आणि तिचं बाळ मी अजून पाहिलं नव्हतं. प्रॅक्टिकल तोंडावर होतं. फोनवरही ती भेटेना, कारण बाळंतिणीनं मोबाईल बघितला की डोळे अधू होतात, असं माय म्हणायची. तिच्या आवाजासाठी जीव तळमळायचा.

त्याच दिवसांत सरांनी रक्त शिकवलं. तांबड्या पेशी फुफ्फुसात ऑक्सिजन घेतात, अंगभर पोचवतात. तिथला कार्बन डायऑक्साइड रक्तातूनच परत येतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. मग ते म्हणाले, बंद खोलीत निखारे असले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. तो पेशीत ऑक्सिजनच्या जागी बसतो आणि लवकर उठत नाही. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते.

पुढचं मला ऐकूच आलं नाही. वारा लागू नये म्हणून आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीची फट न् फट चिंध्यांनी बुजवतात आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात.

बाहेर येऊन मायला फोन लावला.

“अक्काचं डोकं दुखतंय का?”

“दुखतंय की. ओली बाळंतीण हाय, दुखणारच.”

“माय, शेगडी बाहेर काढ. खिडकी उघड.”

“लई शाना झालास! तुझ्या येळंला मी बी अशीच शेकले. मेलास का तू?”

“अक्काला दे ना फोन.”

“न्हाई.”

तिनं फोन ठेवला. रक्ताची आकृती मला काढता येत होती, मायला सांगता येत नव्हती. मित्राकडून, गावात बाळंतिणींची देखभाल करणाऱ्या आशाताईंचा नंबर मिळवला, अडखळत सगळं सांगितलं. “जाते लगेच,” त्या म्हणाल्या. नंतर कुणीच फोन उचलेना. अक्काच्या उशाशी बसून तिचा श्वास नुसता ऐकावा, एवढंच वाटत राहिलं.

सकाळी मायच्या नंबरावरून फोन आला. आवाज अक्काचा होता.

“खिडकी उघडलीय रे. आशाताईनं शेगडी अंगणात नेली. माय रुसलीय, पण बाहेरून फडकं तापवून आणती शेकायला. डोकं दुखायचं थांबलंय माझं. लेकरू बी झोपलंय निवांत. तू कवा येतूस?”