काळ्या मोज्यांचं अप्रेझल

आमचे हे दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीत एचआरमध्ये आहेत. त्यामुळे आमच्या घरात कुणी नुसतं राहत नाही, प्रत्येकाचा काही ना काही परफॉर्मन्स चाललेला असतो. मी केलेल्या आमटीलासुद्धा आधी एक चांगला शब्द मिळतो, मग ‘सुधारणेला वाव’ आणि शेवटी समजूत काढायला पुन्हा एक चांगला शब्द. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला त्याची सवय आहे. आमटी मी अजून तशीच करते.

मुलगा मात्र तावडीत सापडला. नोकरीला लागल्यावर ऑफिसातल्या एका ऑस्ट्रेलियन मित्राच्या नादाने तो त्यांच्याकडचा फुटबॉल खेळायला लागला. जन्म दुबईचा, पासपोर्ट भारताचा, बोलणं इंग्रजी, आणि खेळ निवडला तो असा, की अल मनखूलमधल्या आमच्या अख्ख्या इमारतीत कुणी त्याचं नाव ऐकलेलं नाही. चेंडू नारळासारखा लांबट. तो हातात घेऊन पळायचं, मुठीने ढकलायचा, नाहीतर लाथेने उडवायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू गेला तर सहा गुण, आणि नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला तरी एक गुण. हे मला फार आवडलं. आमच्या गणिताच्या बाईंना हे सुचलं असतं, तर माझं शाळेतलं आयुष्य बरं गेलं असतं.

पण तो टीममध्ये होता असं म्हणायचं की नाही, हाच खरा प्रश्न होता. तो काठावर होता. पक्क्या खेळाडूंना क्लबकडून स्वतःच्या नंबरची जर्सी आणि निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे लांब मोजे मिळत. काठावरच्यांना कोचच्या पिशवीतून हाताला येईल ती जर्सी, आणि मोजे ज्याचे त्याने आणायचे. आमच्याचे काळे होते, मीच आणलेले. कुणी आजारी पडलं, कुणाची फ्लाइट चुकली, कुणाची बायको बाळंत झाली, की याला बोलावणं यायचं. अनोळखी लोकांच्या घरी पाळणा हलल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

ऑफिसचं काम आडवं आलं नाही, तर तो सरावाला मात्र कधी चुकायचा नाही. त्याचे शाळेतले मित्र कुणी कॅनडाला, कुणी जर्मनीला गेले. सुट्टीत भारतात गेलं की तिथली भावंडं याला पाहुण्यासारखं वागवतात. ‘उद्या येतोयस ना?’ असं त्याला विचारणारी ही टीम तेवढी उरली होती. हे त्याने मला कधी सांगितलं नाही. पण फोन वाजला की तो ज्या घाईने उठायचा, त्यावरून मला ते कळायचं.

सीझन संपत आला तेव्हा जेवताना त्याच्या तोंडून निघून गेलं, की मेलबर्नहून नवे खेळाडू येताहेत, आणि शेवटच्या मॅचनंतर कोच पुढच्या सीझनसाठी कुणाला ठेवायचं ते ठरवणार आहे. बापासमोर असं बोलायचं नसतं. ह्यांनी ताट बाजूला सारलं आणि त्याच शनिवारी घरात मीटिंग बोलावली. सदस्य दोन. एक हे, दुसरे रुवैसच्या रिफायनरीत काम करणारे ह्यांचे कॉलेजमित्र, जे वीकएंडला आमच्याकडे जेवायला येतात. या दोघांनी मिळून या खेळाची एकही मॅच पूर्ण पाहिली नव्हती, त्यामुळे चर्चा अगदी मोकळेपणाने झाली.

“तुझा रोलच क्लिअर नाहीये,” हे म्हणाले. “तू मागे उभा राहतोस. मागे व्हिजिबिलिटी शून्य. मॅनेजमेंटला दिसलं पाहिजे ना? फॉरवर्डला जा. गोल मार.”

“बाबा, आय डोन्ट डिसाइड दॅट.”

“मग माग! रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही.”

मला यात ओढू नका, असं मी स्वयंपाकघरातून सांगितलं.

“वहिनी, आमच्या प्लांटमध्ये स्टँडबाय पंप असतो,” रुवैसचे भावोजी म्हणाले. “बसून असतो बिचारा. लेकिन उसको निकालने की हिम्मत किसी में नहीं. आपला पोरगा स्टँडबाय आहे. त्यात कमीपणा काय?”

“कधी चालवून बघता का हो त्याला?” मी विचारलं.

“म्हणजे काय! अधूनमधून चालवावाच लागतो. नाहीतर गंजतो.”

“एक्झॅक्टली,” मुलगा म्हणाला. त्या संध्याकाळी त्याला पटलेलं हे एकच वाक्य.

गुणवत्तेचा विचार झाला, आता शब्द टाकणं आलं. आपल्याकडे शाळेचं ॲडमिशन असो की गॅसचं कनेक्शन, शब्द टाकल्याशिवाय मनाला शांती मिळत नाही. मी भाजणीच्या चकल्या केल्या, मोठा डबा भरला, आणि मुलगा ऑफिसच्या कामाने अबू धाबीला गेलेला बघून आम्ही दोघं सरावाच्या मैदानावर पोचलो. कोच म्हणजे उन्हाने लाल झालेला धिप्पाड गडी. ह्यांनी डबा पुढे केला आणि मुलगा किती सिन्सिअर आहे ते सांगून म्हणाले, “सर, फॉर द टीम वी आर रेडी टु डू एनीथिंग.”

कोचने तिथेच चकली तोंडात टाकली आणि खूश झाला. आता त्यांच्यात आईबाप खाऊ घेऊन आले आणि काहीही करायला तयार आहोत म्हणाले, तर त्याचा अर्थ ते काहीही करायला तयार आहेत, एवढाच होतो. टीमला गोल अंपायर हवा होता. ह्यांचे गुडघे दुखतात. राहिले मी. मला पांढरा कोट आणि दोन झेंडे मिळाले. खांबांच्या मागे उभं राहायचं, सहा गुण असतील तर दोन बोटं पुढे करायची, एक असेल तर एक, आणि मग झेंडा हलवून पलीकडच्या टोकाच्या अंपायरला कळवायचं. दोन्ही टीम आपापला एक अंपायर देतात आणि एकमेकांवर विश्वास ठेवतात. हे ऐकून ह्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मला अजिबात आवडली नाही.

पुढच्या आठवड्यात कोचने कुणाच्या तरी हाती डबा घरी पाठवला. लख्ख धुतलेला. ह्यांनी झाकण उघडलं आणि मटकन सोफ्यावर बसले.

“रिकामा आहे. खलास.”

आपल्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. त्या ऑस्ट्रेलियन माणसाने साखर घातली नाही, त्याअर्थी पोराचा पत्ता कट झाला, असं आमच्या एचआरने अनुमान काढलं. बाप असा का बसलाय ते मुलाला सांगावंच लागलं.

“इट्स अ बॉक्स, बाबा! पण थांबा. तुम्ही माझ्या कोचला चकली दिलीत? सो दॅट्स व्हाय दे कॉल मी चकली!” तो लालबुंद झाला होता. “इफ आय गेट इन नाऊ, एव्हरीवन विल से इट वॉज द चकली.”

खोलीचं दार आपटलं. त्याचं बरोबर होतं, आणि ते बरोबर होतं म्हणून मला जास्त लागलं. तरी शेवटच्या मॅचला मी तोच डबा बेसनाच्या लाडवांनी भरून नेला. अपशकुन झाला म्हणून खायला करायचं थांबवलं, तर या घरात रोज उपास घडेल.

त्या दिवशी कुणाची तरी फ्लाइट चुकली आणि याला जर्सी मिळाली. ऊन उतरलं होतं तरी कोटाच्या आत मी उकडून निघत होते. मॅच संपायला आली तेव्हा आमची टीम एका गुणाने मागे होती, आणि माझ्याच खांबांसमोर, जरा कोपऱ्यात, चेंडू काळ्या मोज्यांकडे आला. मधोमध त्याचा एक साथीदार हात वर करून मोकळा उभा होता. चेंडू त्याला द्यायचा, हे मलासुद्धा कळत होतं. तेवढ्यात रेषेपलीकडून आवाज आला, “मार! तूच मार! गोल!”

त्याने मारला. चेंडू मधल्या दोन खांबांच्या बरोब्बर मध्ये आला. समोरच्या टीमचा एक जण उडी मारून वर गेला आणि त्याच्या बोटाचं टोक चेंडूला लागलं. लागलं म्हणजे काय, पोळीला तूप लावतो तेवढंच. पण मी तिथे हातभर अंतरावर होते, चेंडू फिरता फिरता अडखळलेला मी पाहिला. चेंडू खांबांमधली रेषा ओलांडायच्या आत दुसऱ्याचं बोट लागलं तर सहा नाही, एक. हे दुसऱ्या कुणाला दिसलं नसेल, असं मला वाटलं. आमची टीम मिठ्या मारायला धावली होती. मुलगा जागचा हलला नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

मी एक बोट पुढे केलं.

“अगं!” हे ओरडले. “अगं, आपला आहे तो!”

बरोबरी झाली. नेम चुकल्यावर चेंडू समोरच्या टीमकडे जातो. त्यांनी तो लगेच लांब उडवला, आणि त्यांचा एक जण तो घेऊन पलीकडच्या खांबांकडे एकटाच सुटला. आमचे सगळे कमरेवर हात ठेवून माझ्याकडे रागाने बघत उभे होते. मी झेंडा हलवून मान वर केली तेव्हा काळे मोजे मैदानाच्या मध्यापलीकडे गेले होते. अख्ख्या टीममधला तो एकटा धावत होता. खांबांच्या जरा अलीकडे त्याने त्या माणसाला कमरेला धरून पाडलं, या खेळात ते चालतं, आणि मॅच बरोबरीत संपल्याचा भोंगा वाजला.

कोचने त्याला सगळ्यांसमोर झापलं. मोकळा माणूस समोर असताना स्वतः का मारलास? बापाने सांगितलं म्हणून, असं तो म्हणाला नाही. मान खाली घालून ऐकत राहिला. मी दूर उभी राहून कोटाची घडी घालत होते आणि ती नीट बसत नव्हती.

आम्ही गाडीने घरी निघालो.

“इट वॉज टच्ड, आई,” मागून आवाज आला. “आय सॉ हिज फिंगर.”

“मलाही दिसलं.”

“ऑफिसात याला कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणतात,” हे म्हणाले.

“मग ऑफिसात सांगा,” मी म्हटलं.

पुढचा आठवडा कठीण गेला. लाडवांचा डबा कोचकडेच राहिला होता आणि त्याचं नाव काढायची कुणाची हिंमत नव्हती. शुक्रवारी मुलगा अर्धी सुट्टी घेऊन क्लबवर गेला. संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या हातात डबा होता. त्याने तो ओट्यावर ठेवला. ह्यांनी उठून हलवून पाहिला. काही वाजलं नाही.

“रिकामाच,” हे म्हणाले.

मी झाकण काढलं. आत निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे कोरे मोजे होते, गुंडाळी करून नीट बसवलेले.

“आय टोल्ड हिम अबाउट द बॉक्स,” मुलगा म्हणाला. “रिकामा द्यायचा नसतो, ते. ही सेड, फॉरवर्डला पुन्हा दिसलास तर तंगडं मोडीन. तू मागे. एव्हरी वीक.”

“मागे?” ह्यांनी तोंड उघडलं. “पण मागे व्हिजिबिलिटी—”

“अहो, तुम्ही जरा गप्प बसता का?”

खाण्याच्या डब्यात पायातले मोजे! दुसऱ्या कुणी असं केलं असतं, तर त्याला मी पुन्हा दारात उभं केलं नसतं. मी मोजे काढून मुलाच्या हातात दिले, डबा घासायला घेतला आणि नळ मोठा सोडला, म्हणजे मी रडतेय ते बाहेर ऐकू जाणार नाही.