भिंतीचा नमस्कार

एवढ्या मोठ्या देहाचा आणि एवढ्या कमी उपद्रवाचा माणूस अख्ख्या जपानात दुसरा झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. आमच्या ओजिमाच्या बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींचा हा एकुलता एक मुलगा. वहिनी मूळच्या पुण्याच्या, त्यांचे यजमान बँकेच्या नोकरीवर टोकियोत आलेले, आणि मी बरोबर त्यांच्या खाली, पाचव्या मजल्यावर. त्यामुळे हा मुलगा घरात चालला की माझ्या छताचा दिवा हलायचा. पण हलायचा तोही अदबीनं. काकांचा दुपारचा डोळा लागला असेल म्हणून बिचारा चवड्यांवर चालायचा. तरीही शंका आली की खाली येऊन विचारायचा, ‘काका, दिवा हलला का हो?’ मी नाही म्हणायचो. तो समाधानानं वर जायचा, आणि त्याच्या त्या समाधानानं दिवा पुन्हा हलायचा.

मराठी तो फक्त आईकडून शिकला. शाळा जपानी, मित्र जपानी, वडील सकाळी लवकर बँकेत जाणार आणि आले तरी फारसे न बोलणार. त्यामुळे त्याच्या मराठीला पुरुषी वारं म्हणून लागलंच नाही. एरवी वहिनींनी मराठीत काही विचारलं की उत्तर जपानीत यायचं, पण दचकला किंवा फार आनंद झाला की हा दाराएवढ्या खांद्यांचा, मानेच्या जागीसुद्धा खांदेच असलेला इसम दोन्ही हात गालांवर ठेवून म्हणायचा, ‘अगंबाई!’ माझी बायको हे ऐकण्यासाठी त्याला मुद्दाम गोड बातम्या सांगायची.

दुसऱ्यासाठी थांबणं, धरणं आणि उभं राहणं हा त्याचा एकमेव छंद. लिफ्टचं बटण दाबून धरलं की तो स्टेशनच्या दिशेला नजर लावायचा. लांब कोपऱ्यावर कुणी दिसलं की त्या माणसासाठी लिफ्ट थांबलीच. ते माणूस आमच्याच बिल्डिंगचं असलं पाहिजे अशी काही अट नव्हती. वादळानंतर स्टँडमधल्या आडव्या झालेल्या सायकली तो एकेक करून उभ्या करायचा. वाकला की मागच्या रांगेला त्याच्या पाठीचा धक्का लागायचा, ती पडायची, मग तो वळून ती उचलायचा, की पुढची पडायची. एका रविवारी तो दूध आणायला खाली उतरला आणि वहिनींनी त्या दिवशी दोन्ही वेळचा चहा कोराच प्यायला.

याचं मूळ मला माहीत आहे. अकरा सालच्या त्या मोठ्या भूकंपाच्या वेळी हा शाळकरी होता, परीक्षेमुळे लवकर घरी आलेला. जमीन हलायला लागली तशी सगळी बिल्डिंग जिन्यानं खाली धावली. हाही धावला, पण तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या जपानी आजींच्या दाराशी थबकला. आत आजी, आणि त्यांच्यावर झुकायला निघालेलं भांड्यांचं कपाट. यानं आत जाऊन त्या कपाटाला पाठ लावली. आजी बाहेर आल्या. धक्के थांबले. हा मात्र आतच. मी दारातून ओरडलो, ‘अरे, थांबला भूकंप, ये बाहेर!’ तर म्हणाला, ‘नाही काका, कपाट अजून थरथरतंय.’ कपाट थरथरत नव्हतं. पण मीही आत गेलो आणि त्याच्या शेजारी पाठ लावून उभा राहिलो. तेव्हापासून जमीन जराशी जरी हलली, तरी हा आधी खाली येऊन आमच्या बायकोच्या कपबशांचं शोकेस धरायचा आणि मग वर जाऊन स्वतःचा फ्रीज.

अशा माणसाला कॉलेजात अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी पळवला नसता तरच नवल. हा खेळ वाचकांनी पाहिला नसेल तर एवढंच सांगतो, की फुटबॉल नाव असूनही यात पायापेक्षा छातीचं काम जास्त. एक संघ चेंडू घेऊन पुढे निघतो, त्याला ऑफेन्स म्हणायचं. त्यात चेंडू फेकणारा एक नाजूक हुशार मुलगा असतो आणि त्याच्यापुढे पाच धिप्पाड मुलं ओळीनं उभी असतात. त्यांनी फक्त त्या नाजूक मुलाला कुणी हात लावू नये एवढं बघायचं. समोरचा संघ म्हणजे डिफेन्स; दोन्ही कामांसाठी प्रत्येक संघात वेगवेगळी मुलं असतात. त्यांनी ही भिंत फोडायची आणि त्या नाजूक मुलाला लोळवायचं. आमचा ऑफेन्सच्या भिंतीत उभा राहिला, आणि तीन वर्षं कुणाच्या बापाची त्याला हलवायची छाती झाली नाही. पोरं त्याला ‘काबे’ म्हणायला लागली. काबे म्हणजे जपानीत भिंतच.

चौथ्या आणि शेवटच्या वर्षी डिफेन्सची दोन मुलं गुडघे धरून बसली आणि संघाच्या कांतोकुंनी, म्हणजे मुख्य प्रशिक्षकांनी, याला उचलून डिफेन्समध्ये टाकला. बातमी ऐकून वहिनींनी शिरा केला. ‘बरं झालं बाई,’ त्या मला वाटी देत म्हणाल्या, ‘ते ऑफेन्स नाव ऐकूनच मी देव पाण्यात ठेवायचे. आता डिफेन्स म्हणजे कसं, आपलं बचावाचं काम.’ मी आधी शिरा संपवला आणि मग त्यांना खरं काय ते सांगितलं. वहिनींनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली. ‘लोळवायचं? त्यानं? भावोजी, अहो तो झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतो.’

सरावाच्या पहिल्या दिवशी मी कुंपणाशी उभा होतो. शिट्टी झाली. आमची भिंत पहिल्यांदाच चालली. असला चमत्कार आपल्याकडे एकदाच आळंदीला घडल्याचं ऐकतो; मी तो एदोगावा नदीच्या काठावर पाहिला. समोरची ओळ त्यानं दार ढकलावं तशी ढकलली, थेट त्या चेंडूवाल्या मुलापाशी पोहोचला, आणि गर्रकन वळून, त्याच्याकडे पाठ करून, हात पसरून उभा राहिला. आपल्याच डिफेन्सच्या मुलांना त्यानं त्या मुलाजवळ येऊ दिलं नाही! कांतोकुंच्या तोंडातली शिट्टी वाजता वाजता राहिली. ‘काबे, काय करतोयस?’ तर हा म्हणाला, ‘त्याच्यापुढे कुणीच नव्हतं.’

यावर तोड वहिनींनी काढली. ‘अरे, आपटू नकोस ना त्याला,’ त्या पोळी भाजता भाजता म्हणाल्या, ‘निजव. लहान बाळाला निजवतात ना, मानेखाली हात घालून, तसं.’ आणि खरं सांगतो, तो निजवायला लागला. मिठीत घ्यायचा, एक हात शिरस्त्राणामागे, आणि अलगद आडवं करायचा. शेजारच्या कॉलेजचा एक चेंडूवाला तर सराव सामन्यानंतर म्हणाला म्हणे, इतकं छान मला आजवर कुणी पाडलं नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण मध्ये पाय आला. वहिनींनी त्याला लहानपणापासून एक सवय लावलेली. आपला पाय कुणाला लागला की लगेच त्या माणसाला हात लावून तो हात आपल्या छातीला लावायचा, नमस्कार करायचा. ऑफेन्सच्या गर्दीत तो हे गुपचूप उरकून घ्यायचा. सगळ्यांचे डोळे चेंडूकडे असत. आता मात्र तो चेंडूवाल्यालाच निजवणार, म्हणजे सगळं मैदान त्याच्याकडेच बघणार. मोसमाच्या एका सामन्यात याचा पाय पडलेल्या मुलाच्या पोटरीला लागला. यानं शांतपणे त्याला हात लावला, मग आपली छाती थोपटली. पंचांना वाटलं, पडलेल्याला डिवचून हा पठ्ठ्या छाती ठोकतोय. दंडाचं पिवळं फडकं पडलं. समोरच्या संघाला पंधरा यार्ड फुकट. पुढच्या सामन्यात पुन्हा तेच, आणि त्या पायी सामना गेला. कांतोकुंनी सांगितलं, की आणखी एकदा असं केलंस तर शेवटचा सामना बाकावरून बघायचा.

शेवटचा म्हणजे खरोखर शेवटचा. मार्चमध्ये वहिनींच्या यजमानांची मुदत संपून दोघं पुण्याला परतणार होती, हा ओसाकाला नोकरीला लागणार होता. कधीच मैदानावर न फिरकलेल्या वडिलांनी या सामन्यासाठी प्रथमच सुटी टाकली होती. मी त्याला विचारलं, ‘अरे, एक दिवस नाही केलास नमस्कार तर?’ तो मान खाली घालून म्हणाला, ‘काका, हात आपोआप जातो. आणि नाही गेला तर मला कसंतरी होतं.’

मग वहिनी उठल्या. मला दुभाषा म्हणून घेतलं आणि थेट कांतोकुंसमोर उभ्या राहिल्या. कांतोकु म्हणजे बुटके, करकरीत, कपाळाला आठ्यांची इस्त्री. वहिनींनी काही न बोलता पाय उचलला आणि त्यांच्या बुटावर ठेवला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा वहिनी त्यांच्या दंडाला हात लावून तो छातीशी नेत होत्या. ‘सांगा यांना भावोजी, हे असं असतं. ही माफी आहे, माज नाही.’ मी सांगितलं. कांतोकु आपल्या बुटाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, ‘कशालाही पाय लागला तरी?’

‘कशालाही. पुस्तकालासुद्धा.’

कांतोकुंनी गवतावरच्या चेंडूकडे बोट केलं. ‘याला?’

वहिनींनी क्षणभर विचार केला. ‘त्याला नको. तो त्यासाठीच जन्माला आलाय.’

कांतोकु हसले. हा प्रसंग संघात अजून कुणाला खरा वाटत नाही. पण हसून झाल्यावर ते म्हणाले, ‘ओकासान, मला पटलं. पंचांना पटणार नाही. ही माफी सामना संपल्यावर मागितली तर चालेल का?’ ओकासान म्हणजे आई. वहिनी म्हणाल्या, ‘प्रवासात संध्या राहिली तर घरी पोचल्यावर करतातच की. चालेल. पण एकालाही वगळायचं नाही.’

सामन्याच्या दिवशी आम्ही सगळे होतो; तळमजल्याच्या आजीसुद्धा मांडीवर घोंगडी घेऊन आल्या होत्या. शेवटची घटका, आमचा संघ जेमतेम पुढे, आणि समोरच्यांना फक्त एकदा चेंडू नीट फेकता आला की सगळं संपणार. शिट्टी झाली. भिंत चालली. चेंडूवाल्याचा हात वर गेला होता तेवढ्यात यानं त्याला मिठीत घेतला आणि निजवला. आणि मी पाहिलं, याचा बूट त्या मुलाच्या घोट्याला लागला. याचा हात निघाला. ‘खाली!’ वहिनी किंचाळल्या. ‘हात खाली!’ हात मध्येच थांबला आणि त्यानं तो दुसऱ्या हाताच्या काखेत कोंबून टाकला. फडकं पडलं नाही. सामना आमचा झाला. त्याच्या वडिलांनी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ घातलाच नाही.

मग दोन्ही संघ समोरासमोर उभे राहून वाकले, रिवाजाप्रमाणे. सगळे पांगायला लागले तसा हा शिरस्त्राण काढून समोरच्या ओळीत शिरला. ज्याला ज्याला पाय लागला होता त्याला शोधून काढायचा, खांद्याला हात लावायचा, छातीशी न्यायचा. पहिले दोघं गोंधळले. तिसऱ्यानं मात्र याच्याही खांद्याला हात लावला आणि आपल्या छातीशी नेला. मग ते पसरतच गेलं. मोठमोठी मुलं एकमेकांना हात लावत होती, छातीशी नेत होती, आणि मधोमध हा गालांवर हात ठेवून उभा. एवढ्या लांबून ऐकू आलं नाही, पण काय म्हणाला असेल ते मला माहीत होतं.

मार्चमध्ये सहावा मजला रिकामा झाला. आता तिथे एक नवं जोडपं आहे, सज्जन आणि हलकं. माझा दिवा आताशा अजिबात हलत नाही.

परवा दुपारी जमीन थोडी हलली. मी उठलो, शोकेसला पाठ लावून उभा राहिलो. कपबशा किणकिणल्या आणि गप्प झाल्या. तेवढ्यात फोन वाजला, ओसाकाहून.

‘काका, शोकेस धरलंय ना?’

‘धरलंय रे. थांबलासुद्धा भूकंप.’

‘मग सोडा ना आता.’

‘नको,’ मी म्हटलं. ‘शोकेस अजून थरथरतंय.’

पलीकडे त्यानं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, ‘बरं. मी आहे फोनवर.’