विचार करायला मागितलेले दिवस

मॅट्रिक होऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात मी घराबाहेर पडले ती फक्त विहिरीवर, बाजारात आणि आईच्या औषधासाठी दवाखान्यात. आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. वडील, म्हणजे अण्णा, आमच्या पनवेलच्याच एका भातगिरणीत कारकून. सकाळी जायचे ते दिवेलागणीला परतायचे. मधला सगळा दिवस माझ्याकडे. तिला उठवायचं, पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं आणि परत धुणं.

एका दुपारी माझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई आल्या. मी ओट्यावर चादरी वाळत घालत होते. त्या पायरीवरच टेकल्या.

"पहिलीच्या बाई लग्न करून चालल्यात. ती जागा तुला द्यायची असं ठरलंय. येशील?"

आनंद व्हायला हवा होता. मला नुसतं खाली बसावंसं वाटलं. "विचार करून सांगते," मी म्हणाले.

"किती दिवस?"

"दिवाळीनंतर सांगितलं तर चालेल?"

बाई रागावल्या नाहीत. "तोवर त्या पोरांना कोण बघणार? सोमवारी सांग. नाही म्हणालीस तरी चालेल, पण लोंबकळत ठेवू नकोस."

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. टोपी खुंटीला लावत ते म्हणाले, "तुला बरं वाटेल तसं कर." त्यांनी हो किंवा नाही म्हणून टाकलं असतं तर मी सुटले असते. विचार करायला म्हणून मागितलेले दिवस धुण्याभांड्यांत गेले. अंथरुणाला पाठ टेकली की डोळे मिटायचे, विचार कसला करणार?

रविवारी दुपारी आईला पेज भरवता भरवता भिंतीला टेकून मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा वाटी तिच्या मांडीवर होती आणि ती डाव्या हाताने पेज खात होती. निम्मी लुगड्यावर सांडली होती. मी वाटी घ्यायला हात पुढे केला, तिने दिली नाही.

"शाळेत... जा," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

तिने हाताने ओट्याकडे दाखवलं. बाईंचं सगळं बोलणं तिने आतून ऐकलं होतं.

"आणि तुझ्याजवळ कोण बसेल?"

त्याचं उत्तर मागच्या दाराने आलं. आमच्या मागे राहणारी भाजीवाली मावशी विस्तव मागायला आली होती. ती म्हणाली, "दुपारची मी हाय ना घरी. भाजी सकाळीच खपते. बसंन तिच्यापाशी."

सोमवारी मी बाईंकडे गेले आणि हो म्हणाले. मधल्या सुट्टीत घरी जाऊन यायला त्यांनी परवानगी दिली.

दमणं काही संपलं नाही. पहाटे उठून घरचं उरकायचं, सुट्टीत धावत येऊन आईला बघायचं, पुन्हा धावत वर्ग गाठायचा. आई शेवटपर्यंत डाव्या हाताने जेवली, आणि तिचं लुगडं मला रोज दोनदा धुवावं लागलं. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर ग म भ न लिहिताना माझा खडू मध्येच थांबला. पुढे बसलेल्या मुलीने विचारलं, "बाई, तुम्हाला झोप आली?"

"हो," मी म्हणाले, आणि पुढचं अक्षर काढलं.