अक्काच्या जागेतली माती

लातुरात क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवते. समोर डॉक्टर व्हायला आलेली पोरं, आणि बाहेर बाकावर त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलेले आईबाप. दरवर्षी एक दिवस कार्बनचक्राचा येतोच. फळ्यावर झाड काढायचं, खाली मेलेला जीव काढायचा. त्यातला थोडा कार्बन मातीत राहतो, थोडा हवेत जातो आणि पानात शिरतो. ते बाण काढताना माझा हात जड होतो. पोरांना वाटतं, मॅडमचा खांदा दुखतोय.

भूकंप झाला तेव्हा मी बारावीला, इथंच खोली करून राहत होते. गावात आमचं दगडमातीचं घर शेताला लागून होतं. आईला लोकांनी उकरून जिवंत काढलं. अक्का, माझी थोरली बहीण, सापडलीच नाही. गावातल्या बाकीच्या मेलेल्यांना एकत्र का होईना, अग्नी मिळाला. तिला तोही नाही. पुढं नवीन गाव दुसरीकडं वसलं, आणि आमच्या ढिगाऱ्यावर कडुलिंब, बाभळी माजल्या. आई तिथं रोज जाऊन बसायची. मला तिथं थांबवत नसे. मागं कुणीतरी वेणी घालत बसलंय असं वाटायचं. शिकलेली बाई मी, पण खोटं कशाला सांगू, भीती वाटायची.

मागच्या उन्हाळ्यात शेत बघणाऱ्या माझ्या भावानं ठरवलं, जेसीबी लावून ती झाडं काढायची आणि सोयाबीन पेरायचं. आईनं जेवण सोडलं. भाऊ वाईट नाही, पण एकदा डोक्यात घेतलं की संपलं. तेव्हा मीच एक योजना शोधून काढली. झाडं तोडायची नाहीत, जमीन नांगरायची नाही. झाडांत आणि मातीत कार्बन साठून राहतो, त्याचे पैसे मिळतात. पैशाचं नाव निघाल्यावर भाऊ कबूल झाला. माझं मलाच लई कौतुक वाटलं.

मोजणीला एक तरुण आला. त्यानं टेप गुंडाळून झाडांचे घेर मोजले, तोवर आई बघत बसली होती. मग त्यानं गाडीतून लोखंडी गिरमिट काढलं आणि थोरल्या लिंबाखाली चुन्यानं खूण केली. आतली माती तपासायला न्यायची होती. आई उठली आणि सरळ त्या खुणेवर जाऊन बसली.

"हितं भोक पाडू देणार न्हाई."

"आजी, माती तपासल्याशिवाय योजनेत घेत नाहीत."

मी आधी समजावलं, मग चिडलेच. "अगं, एवढ्याशा भोकानं काय होतंय? हे नाही झालं तर जेसीबी येईल, मग काय करशील?"

"तू गप," आई म्हणाली. "तू नव्हतीस तवा हितं."

खरंच होतं ते. मी बाजूला जाऊन उभी राहिले.

मग आईनंच त्या तरुणाला विचारलं, "नेऊन काय करता रं हिचं?"

"वाळवतो, चाळतो. मग भट्टीत जाळतो, आजी. त्यावरून कार्बन किती ते कळतं."

"जाळता?"

"हो. नुसती राख उरते."

आईनं मातीवर तळहात ठेवला. मग गुडघ्यावर हात टेकून उठली.

"घे. हितूनच घे. आन् जाळायच्या दिशी कळीव मला. अंगोळ करावी लागंल."

त्याला काही उमगलं नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला माझा नंबर लिहून दिला.

माती जाळायच्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा मी शिकवत होते. बाहेर येऊन आईला कळवलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मी पोरांना सोडून दिलं, घरी आले, डोक्यावरून पाणी घेतलं, आणि इतक्या वर्षांनी अक्काच्या नावानं मोठ्यानं रडले.