मनूची धाटाची गाडी

आमच्या गावात कुणाच्या घरी देवी आल्या, की दारावर लिंबाचा डहाळा लागायच्या आधी शकूमावशीला बोलावणं जायचं. ती सख्खी मावशी कुणाचीच नव्हती, म्हणून सगळ्यांची होती. लहानपणी तिला स्वतःला देवी येऊन गेल्या होत्या, तेव्हा पुन्हा यायची भीती नव्हती. तोंडभर वण आणि डावा डोळा कायमचा मिटलेला. एरवी सकाळी समोर आली तर बायका तोंड फिरवायच्या, हळदीकुंकवाला तिला कुणी पुढं बसवत नसे. पण लेकराच्या अंगावर पुरळ दिसलं, की त्याच बायका तिच्या दारात हात जोडून उभ्या. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! मावशीला त्याचं काही वाटायचं नाही. मला मात्र वाटायचं, अजूनही वाटतं.

तिच्याजवळ औषध नव्हतं, मंतर नव्हता. ती फक्त लेकराचे हात गुंतवायची. फोड वाळून खपल्या धरू लागल्या की अंगाची आग आग होते आणि लेकरू खाजवत सुटतं. पापणीवरची खपली खरवडली गेली, तर डोळा जायची भीती. बाकीचे लोक म्हणून लेकराचे हात चिंधीनं बांधून टाकायचे. मावशी ते होऊ द्यायची नाही.

"बांधलेला हात सुटला, की पयले तिथंच जातो," ती म्हणायची. "माहा डोळा तसाच गेला."

रझाकारांच्या धामधुमीच्या बरीच वर्षं आधीची गोष्ट. माघातली थंडी होती. आमचा बा, सटवाजी, मेंढरं घेऊन सेनगावाकडच्या शिवारात बसला होता, आणि इकडं माझ्या धाकट्या बहिणीला, मनकर्णेला, देवी आल्या. मनू तेव्हा पाचेक वर्षांची. मला आधीच हलक्या येऊन गेल्या होत्या, म्हणून मला तिच्याजवळ जायची मुभा होती.

आमची आई, चांगुणाबाई, तशी कुणाला भिणारी नव्हती. लांडगा आला तर काठी घेऊन धावणारी बाई. पण देवीपुढं तिचे हातपाय गळायचे, आणि त्याला कारण होतं. मनूच्या आधी आम्हाला मसाजी नावाचा भाऊ होता. तो देवीतच गेला. आमच्याकडं रीत अशी, की देवी घरात असेपर्यंत सुई, काटा, विळा काही हाती धरायचं नाही. काहीही टोचलं तरी ते देवीआईच्या अंगाला टोचतं. मसाजी थंडीनं कुडकुडत होता म्हणून आईनं फाटक्या गोधडीला चार टाके घातले होते. दुसऱ्या दिवशी पोरगं गेलं. आपणच त्याला मारलं, असं आईच्या मनानं घेतलं, आणि गावातल्या एकाही शहाण्यानं तिला तसं नाही म्हणून सांगितलं नाही.

मनूच्या पापण्या सुजून पार मिटल्या. आई स्वतःच्या पोरीपुढं हात जोडून "आई, शांत व्हा" म्हणायची आणि मनू आणखीनच घाबरायची. शकूमावशी आली, आणि आधी आईला बाजूला सारून मनूच्या उशाशी बसली. कयाधू नदीची चिकणमाती मला आणायला लावली, चुलीपाशी ठेवून कोमट केली आणि गोळा मनूच्या हातात दिला.

"बैल कर, मनू. डोळे कशाला लागतेत बैलाला? शिंगं हाताला कळतेत."

मनूनं बैल केले, मेंढ्या केल्या, एक पोट सुटलेला पाटील केला. मातीला विटली तेव्हा चिंध्या आल्या. सुई चालत नव्हती, म्हणून नुसत्या गाठी मारून बाहुल्या. मावशी गोष्टी सांगत असे, पण तिची नजर पोरीच्या बोटांवरून हलत नसे. हात वर जायला निघाला, की त्यात काहीतरी नवं आलेलं असे.

खपल्या धरू लागल्या तसं हेही पुरेना. एका सकाळी मनूनं बैल भिंतीवर फेकला.

"मला गाडी पाहिजे. बा करतो तशी, धाटाची."

आम्हा तिघींनाही अडचण कळली. जोंधळ्याच्या धाटाची गाडी आमच्याकडं शेंबडं पोरगंही करतं. वरची साल सोलायची, आतल्या मऊ भेंडाचे तुकडे करायचे, आणि सालीच्या काड्या भेंडात खुपसून ते जोडायचे. खुपसल्याशिवाय गाडी उभीच राहत नाही.

"न्हाई," आई म्हणाली. "माह्या घरात काही टोचायचं न्हाई."

मनूनं ऐकलं आणि दोन्ही मुठी डोळ्यांवर नेल्या. मावशीनं झडप घातली. तरी भुवईवरची एक खपली निघालीच आणि रक्ताचा थेंब पापणीवर उतरला. आई किंचाळली. लुगड्याचा काठ टर्रकन फाडून ती मनूचे हात बांधायला धावली.

"चांगुणा, बांधू नको."

"मंग काय करू? एक गेला माहा!"

"काड्या देऊ दे तिला."

"तू देवीचं करणारी बाई, आन् तूच असं बोलून राहिलीस?"

खरी अडचण इथंच होती. मावशीही देवी मानायची, आमच्या आईपेक्षा काकणभर जास्तच. मनूचे हात धरून ती तशीच बसून राहिली. मग ते माझ्या हाती दिले, "सोडू नको" म्हणाली, आणि कोपऱ्यात देवी म्हणून मांडलेल्या तांब्यापुढं जाऊन बसली. तिनं कपाळ भुईला टेकवलं.

"आई, टोचणारी मी हाये. पोरीचं काही धरू नको. एक डोळा नेलास, हा दुसरा बी तुलाच देला. सवडीनं घेऊन जाय."

मग बाहेर जाऊन तिनं कडब्याची पेंढी आणली.

सालीला पात्यासारखी धार असते. मावशीनं एकेक काडी पाट्यावर घासून बोथट केली, तेव्हा कुठं मनूच्या हाती दिली. डोळे मिटलेली पोर चाचपडत काडी भेंडात खुपसायची, आणि दर खेपेला दारात बसलेली आई स्वतःलाच टोचल्यासारखी आखडायची. सांजेला मनूचं अंग पुन्हा तापलं. आईनं कपाळ बडवून घेतलं. मावशीचा चेहरा मी बघितला, तिचीही भीतीनं गाळण उडाली होती. पण ती उठली नाही आणि काड्याही काढून घेतल्या नाहीत.

ताप उतरला. मनू धाटात अशी गुंतली की जेवायलाही हाक मारावी लागे. खपल्या आपल्या आपण गळाल्या. एका दुपारी मावशीनं कोमट पाण्याच्या फडक्यानं तिच्या पापण्या भिजवल्या आणि हळूच सोडवल्या. आईला बघवेना, तिनं भिंतीकडं तोंड केलं. मनूनं डोळे किलकिले केले, मांडीवरची गाडी उचलून बघितली आणि कुरकुरली,

"मावशी, हिचं चाक वाकडं हाय."

आई हसत सुटली आणि त्यातच रडायला लागली. मावशी मात्र आधी तांब्यापाशी गेली.

पुढं मनू भेटली, की मावशी एकच विचारायची, "दिसतं ना बराबर?" ती काहून विचारते हे मनूला माहीत नव्हतं. आईनं आणि मी ते तिला कधी सांगितलं नाही. काही वर्षांनी मावशीच्या उजव्या डोळ्यावर पांढरं येऊ लागलं. होता होता तोही डोळा गेला. ती आंधळेपणीही धाटाच्या गाड्या करायची, आणि त्या डोळस माणसाच्या गाड्यांपेक्षा सरळ चालायच्या.

निजामाचं राज्य गेलं, त्या हिवाळ्यात मोतीबिंदू काढणारे डॉक्टर हिंगोलीला आले. मनूला तेव्हा आखाडा बाळापूरला देऊन दोन उन्हाळे झाले होते. ती बैलगाडी जुंपून मावशीला न्यायलाच आली.

"चल मावशी. पडदा काढून देतेत म्हने, लगेच दिसतं."

"मी येत न्हाई."

"काहून?"

मावशीनं नुसता हात झटकला. मनूनं हट्टच धरला, तेव्हा तिनं तांब्यापुढचं सगळं सांगितलं. "तो डोळा मी देऊन बसले, पोरी. देलेलं मागून घेतलं, त ती कोणाचा नेईल, सांग बरं?"

मनूनं माझ्याकडं पाहिलं. मला माझी मान वर करवेना. मग माझं टाळकं फिरलं.

"मावशी, मोतीबिंदू हाय तो! म्हातारपणी सगळ्यांनाच व्हतो."

"व्हय," मावशी शांतपणे म्हणाली, "सगळ्यांनाच व्हतो. पर सगळ्यांनी बोललेलं नसतं."

मनू तिच्या पुढ्यात बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मावशीनं हात पुढं करून तिचं तोंड चाचपलं. मनूचे दोन्ही हात डोळ्यांवर होते. मावशीनं ते धरून खाली ओढले आणि शेजारचं धाट उचलून तिच्या मुठीत दिलं.

"डोळे चोळू नको, मनू. हे घे. सोल."