मोळ्या कोण बांधत होतं?

दक्षिण अमेरिकेकडचा इतिहास लिहितो म्हटलं की गावात अजून विचारतात, "आपल्याकडला संपला व्हय?" मी हसण्यावारी नेतो. खरं कारण ऊस. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावातून आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, मी शाळेपायी मामाकडे राहायचो. पुढे ब्राझीलच्या उसाच्या मळ्यांतल्या गुलामांवर काम धरलं, पोर्तुगीज शिकलो, तिथल्या दफ्तरखान्यांची धूळ खाल्ली. कितीतरी वर्षांनी पुस्तक छपाईच्या दारात आलं. उसाबद्दल मला कुणी शिकवू नये, अशी घमेंड होतीच.

शेवटची प्रुफं घेऊन गावी आलो. वडील आता नाहीत, आई एकटीच असते. तिला वाचता येत नाही, म्हणून तोडणीचं प्रकरण मराठीत सांगत गेलो. कोयता घेतलेले पुरुष, त्यांची नावं, मुकादमाचा चाबूक. ज्वारी निवडता निवडता ती मध्येच थांबली.

"आन् मोळ्या कोन बांधीत व्हतं?"

"कागदात तसं काही नाही, आई."

"कावून न्हाई? तोडल्याला ऊस आपल्या पायानं गाडीत गेला व्हय रं?"

मला रागच आला. तिला दाखवायचंच म्हणून लॅपटॉपवर त्या प्रकरणातल्या एका मळ्याच्या हजेरीपत्रकाचे फोटो उघडले. प्रत्येक तोडणाऱ्याच्या नावाशेजारी बारीक अक्षरात एका बाईचं नाव होतं. बायको असेल असं समजून मी ती नावं उतरवूनच घेतली नव्हती. बायांच्या रकान्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं, मोळ्या बांधणाऱ्या.

आणि हे मला कागदावरून कळायला हवं होतं का? सुट्टीत फडावर गेलो की वडील तोडायचे आणि आई मोळी बांधून, डोक्यावर घेऊन, फळीवरून ट्रकमध्ये चढायची. तरी पुस्तकाच्या प्रस्तावनेत मी लिहिलं होतं, 'माझे वडील ऊसतोड कामगार.' आईचा उल्लेखही नाही. माझी मलाच शरम वाटली.

प्रकाशकांना फोन करून छपाई थांबवायला सांगितली. ते वैतागले, पण थांबले. मग आईजवळ बसलो.

"मोळी केवढी असायची गं?"

पन्नाशी उलटली माझी, आणि तिच्या कामाबद्दल मी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"डोक्यावं घेतली की मान हालत न्हाई, येवढी," ती म्हणाली. "तू पोटात व्हतास तवाबी तेवढीच."