नकाशाबाहेरचा ठिपका

मी एकटी आहे हे माणसांनी मला कधी तोंडावर सांगितलं नाही. ते काम एका सॉफ्टवेअरने केलं, आणि तेही भर दुपारी, स्टाफरूममध्ये.

अंबरनाथजवळच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते, तिथे तपासणी समिती येणार होती आणि आमच्या विभागाच्या नावावर एकही धड शोधनिबंध नव्हता. विभागप्रमुखांनी तोडगा काढला. नवं संशोधन करायला वेळ नाही, तर इतरांनी काय केलं त्यावरच लिहू. ऑप्टिकल कम्युनिकेशनमध्ये, म्हणजे काचेच्या तंतूतून प्रकाशावर निरोप पाठवण्याच्या विषयात, गेल्या वीसेक वर्षांत जगभर काय छापून आलं, कोणी कोणाबरोबर लिहिलं, वारा कुठून कुठे फिरला. लेखक तिघं: प्रमुख, मी आणि विभागात नुकतेच लागलेले उल्हासनगरचे एक सर.

आयत्या बिळावर नागोबा, असं मनात म्हणत मी कामाला लागले. पण जुने अंक चाळता चाळता मला ते आवडायला लागलं, कारण त्यांत माझं तरुणपण भेटत होतं. मी पीएचडीला होते तेव्हा या क्षेत्रात सगळ्यांना एकच वेड होतं: प्रकाशाला वाटेत थांबवायचं नाही, त्याची वीज करायची नाही, माहितीचे गठ्ठे बांधून ते थेट एका तंतूतून दुसऱ्या तंतूत वळवायचे. माझा प्रबंध त्यावरच. मग वारा फिरला. डेटा सेंटरं आली, एकाच तंतूत अनेक गाभे घालायची टूम आली, क्वांटम आलं, आणि आता तर शीर्षकात मशीन लर्निंग नसेल तर संपादक निबंध उघडून तरी बघतो की नाही कोण जाणे. माझ्या विषयातली माणसं एकेक करून नव्या मांडवात जाऊन बसली. मी राहिले. हट्टाने राहिले की दुसरं काही जमलं नाही म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. वर्षा-दोन वर्षांनी माझा एखादा निबंध येत राहिला, वर फक्त माझं नाव.

त्या दुपारी सरांनी गोळा केलेली सगळी माहिती सॉफ्टवेअरला घातली. लेखकांचा नकाशा काढायचा होता. प्रत्येक लेखक म्हणजे एक ठिपका, आणि दोघांनी मिळून काही लिहिलं असेल तर मध्ये रेघ. नकाशा उमटण्याआधी पडद्यावर एक चौकट आली. तिचा अर्थ असा होता: यातले काही जण कोणाशीच जोडलेले नाहीत, फक्त जोडलेल्यांचा गट दाखवू का?

"यस मारतो मॅडम," सर म्हणाले. "चार्ट एकदम क्लीन येतो, नहीं तो साइडला नुसता कचरा दिसतो."

"थांबा. एकदा नो करून बघू."

नो केल्यावर मध्ये एक रंगीत घोळका उमटला आणि त्याच्याभोवती लांब लांब सुटे ठिपके दिसायला लागले. सरांनी एका ठिपक्यावर सहज माउस नेला, तर माझं नाव.

"अरे मॅडम, ये तो आप हो!" ते हसले, आणि मग त्या हसण्याचं काय करावं ते त्यांना कळेना. त्यांना बरं वाटावं म्हणून मीही हसले.

रेघ का नव्हती, ते मला ठाऊक होतं. आमच्या धंद्यात नावांची देवघेव चालते. मी माझ्या निबंधावर तुझं नाव टाकतो, तू तुझ्यावर माझं टाक, दोघांचाही आकडा वाढतो. सुरुवातीला मलाही पुष्कळ जणांनी विचारलं. मी सरळ नाही म्हणायचे. ज्याने काम केलं नाही त्याचं नाव नाही. काही वर्षांनी विचारायचे बंद झाले, आणि त्याबरोबर चहाला हाक मारायचेही.

हे मी वडिलांकडून घेतलं. ते मोरिवलीला कारखान्यात होते. उशीर होणाऱ्या सोबत्याचं हजेरीचं कार्ड दुसऱ्याने पंच करून टाकायचं, अशी तिथे रीत होती. वडिलांनी कोणाचं पंच केलं नाही आणि स्वतःचं कोणाला करू दिलं नाही. "ज्याचा घाम त्याचं कार्ड," म्हणायचे. डबाही एकटेच खायचे.

आईचं वेगळं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचला आमच्या शेजारी एक सिंधी काकू राहायच्या. त्यांच्याकडून साईभाजीची वाटी आली की आई ती कधी रिकामी परत करायची नाही. घरात काही नसलं तर चमचाभर साखर घालायची. दीक्षा घेऊन गाव सोडलेल्या घरातली ती. "गावाला आपल्या घरची वाटी कोण शिवत होतं?" ती म्हणायची. "इथं घेतात, तर भरून द्यावी गं."

मी वडिलांवर गेले. त्या दिवसांत बेलवलीच्या माझ्या फ्लॅटमध्ये समोरच्या वहिनींची वाटी पडून होती. त्यांनी वालाची उसळ दिली होती. उसळ खाल्ली, वाटी धुतली, आणि निबंधाच्या गडबडीत आज देऊ उद्या देऊ करत ती फळीवर राहिली.

दुसऱ्या दिवशी मी प्रमुखांना म्हटलं, सुटे ठिपके ठेवू या. त्यांचंही लिखाण छापूनच आलंय, त्यांना काढायचं काय कारण?

"मॅडम, इमोशनल होऊ नका," ते म्हणाले. "रिव्ह्यूअर विचारेल, हा पसारा कसला. आणि तुमचं नाव वर लेखकांत आहेच की!"

मी वाद घातला, आवाजही चढवला. मग माझं नाव वरूनही काढा, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मी बोलले नाही. कारण सांगायला लाज वाटते, तरी सांगते. मला ती रेघ हवी होती. हा निबंध तिघांच्या नावावर छापून आला की पुढच्या वेळी जो कोणी नकाशा काढेल, त्यात माझ्या ठिपक्याला दोन रेघा फुटणार होत्या. काम तर मी खरंच केलं होतं, वडीलही काही म्हणाले नसते. मी सरांच्या शेजारी बसले आणि यसवर मीच बोट ठेवलं. कडेचे सगळे ठिपके गेले. निबंध छापून आला: वर माझं नाव आणि आत मी नसलेला नकाशा.

पुढे सरांना पुण्याला चांगली नोकरी लागली. तिथे त्यांनी तोच नकाशा नव्याने काढला आणि एका रविवारी सकाळी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. खाली लिहिलं होतं, "मॅडम, आता तुम्ही आत आलात!"

आले होते खरी. अगदी काठाला, पण आत. दोन रेघा होत्या. एक पुण्याला गेलेल्या सरांकडे, दुसरी प्रमुखांकडे, जे माझ्याशी हजेरीपत्रकापलीकडे बोलत नाहीत. तरीही मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. कोणाला तरी तो नकाशा दाखवावा म्हणून फोन हातात घेऊन मान वर केली, तर समोर स्वयंपाकघर.

आणि फळीवर वहिनींची वाटी.

मी उठून शेवयांची खीर केली. वाटी काठोकाठ भरली, वर ताटली झाकली आणि समोरची बेल वाजवली. दार एका अनोळखी बाईंनी उघडलं.

"वहिनी आहेत?"

"ते लोक गेले ना. उन्हाळ्यातच. आम्ही आता भाड्याने घेतलंय." त्यांनी माझ्या हातातल्या वाटीकडे पाहिलं. "काही काम होतं का?"

उन्हाळ्यातच. सामान उतरलं असेल, टेम्पो खाली उभा राहिला असेल, जाताना कदाचित माझी बेलही वाजली असेल. मी ते दार रोज समोर बघत होते.

ती खीर त्या बाईंनाच द्यायची, एवढं साधं तेव्हा सुचायला हवं होतं. आईला सुचलं असतं. मी म्हटलं, "नाही, काही नाही," आणि घरी आले.

खीर मीच खाल्ली. वाटी धुतली, पुसली आणि परत फळीवर ठेवली.